गुळवेल, बातमी आणि निवाड्याचा अधिकार

मुरडा झाला की कुड्याची साल, ताप मुरला की काडेकिराईत, खोकल्याला अडुळसा. कोकणात झाडपाल्याचं औषध देणारं माणूस गावाला ठाऊक असे आणि त्याच्या हाताला गुण आहे की नाही, हे गावच ठरवी. हा निवाडा गावाबाहेर जायला सुरुवात झाली ती छापखान्यापासून.

1563 मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ छापला गेला. इथल्या वैद्यांकडून मिळालेली माहिती त्यात आहे. चारच वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप युरोपात पोहोचला आणि तिथे या वनस्पतींचा जाणकार म्हणून नाव झालं ते ओर्ताचं.

पुढे कायदे आले. मुंबई इलाख्यात 1912 च्या कायद्याने पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली, 1938 मध्ये वैद्य-हकिमांची. शेजारधर्म म्हणून सहाणेवर मुळी उगाळून देणारी बाई दोन्हींत बसत नव्हती. 1954 च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर हमखास गुणाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना लगाम घातला. पण आरोग्यपुरवणीतला लेख ही जाहिरात नव्हे, आणि वाचक विश्वास ठेवतो तो लेखावर.

गावठी म्हणून सगळंच खरं, असंही नाही. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं मरत होती, पाला आणि मंत्र चालूच होते. रायगड जिल्ह्यात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, 1982 पासून त्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात येऊ लागल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दिसला आणि मृत्यू झपाट्याने घटले. इथे छापील शब्दाला मान मिळाला तो निरीक्षणाच्या बळावर.

गुळवेलीच्या बाबतीत मात्र घाई झाली. ऑक्टोबर 2020 मध्ये आयुष मंत्रालयाच्या कोविड उपचारपद्धतीत ती आली, आणि तापापुरता घ्यायचा काढा 'प्रतिकारशक्ती'साठी रोज घेतला जाऊ लागला. जुलै 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांचा शोधनिबंध आला: गुळवेल घेतलेले 6 रुग्ण, यकृताला इजा. रुग्ण थोडे होते आणि निबंधाला स्वतःच्या मर्यादा होत्या. बातम्यांच्या मथळ्यांत त्यांना जागा कुठली? गुळवेल सुरक्षित आहे, असं सांगणाऱ्या मंत्रालयाच्या खुलाशाची सुरुवातही या अभ्यासावरच्या बातमीच्या उल्लेखानेच होती. डॉक्टर आणि मंत्रालय हे दोन अधिकारी पक्ष वर्तमानपत्रांतून भांडत होते आणि घरात काढा उकळणाऱ्याने कोणाचं ऐकायचं, हे आदल्या दिवशीच्या मथळ्यावर ठरत होतं.

2022 मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या, 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्याच वर्षी मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं पुन्हा सांगितलं आणि तिच्यासारखीच दिसणारी, खोडावर गाठी असलेली दुसरी वेल चुकून वापरली जात असावी, असा इशारा दिला. माझ्या मते सगळ्या वादात सर्वांत मोलाची गोष्ट ही होती, आणि तिलाच सर्वांत कमी जागा मिळाली. आंब्यावर चढलेली वेल ओळखून कापणारी माणसं कोकणात अजून आहेत. दुसरी बाजूही तितकीच खरी: यकृताचा किंवा स्वप्रतिकार विकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असलेल्याला अस्सल गुळवेलही त्रास देऊ शकते, असं या अभ्यासांवरून डॉक्टर सांगतात. अशा माणसाने काढा घेत असल्याचं डॉक्टरांपासून लपवू नये, आणि डॉक्टरांनीही ते न रागावता विचारावं.