पहिल्यांदा सेट ऐकायला येताय? आधी एवढं वाचा

चांगला स्टिरिओ सेट पहिल्यांदा ऐकणारी बरीच माणसं गाणं चालू असतानाच उठतात आणि दोन स्पीकरांच्या मधली जागा तपासतात. तिथं तिसरा स्पीकर लपवलाय का, म्हणून. खानापूरकडचे एक काका तर रॅकच्या मागं हात घालून आले. "बाई मधोमध बसून गायल्यासारखं वाटतंय की ओ!"

दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज सारख्याच जोरानं, एकाच क्षणी कानांवर आला, की मेंदू तो समोर मधोमध आहे असं धरतो. अ‍ॅलन ब्लुमलिन या इंग्रज इंजिनिअरनं १९३१ साली स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आमच्या दुकानात आलात की मधल्या खुर्चीवर बसूनच ऐका. दारात उभं राहिलं की नुसता मोठा आवाज कळतो.

बरेच जण आधी "बास किती मारतो?" असं विचारतात. आमचं मत, आधी गळा ऐका. कुमार गंधर्व आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, १९२४ साली सुळेभावीत जन्मलेले. त्यांची जुनी मोनो (म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज देणारी) रेकॉर्ड आम्ही आवर्जून लावतो. तान संपताना घेतलेला श्वास, तानपुऱ्याच्या सुट्या तारा, तबल्यावरच्या बोटांचा स्पर्श हे सगळं वेगवेगळं ऐकू आलं, तर सेट चांगला. आणि मोनो असल्यामुळं गळा नेमका मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकला तर स्पीकरची जागा किंवा डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स चुकलाय. गळा पसरट वाटला आणि बासही पातळ झाला, तर बहुतेक एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडलीय. घरच्या जुन्या सेटवरही हे आजच करून बघा, पैसे लागत नाहीत.

दोन सेटची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगा. जरा मोठा वाजणारा सेट नेहमी चांगलाच वाटतो, दुकानदार कोणीही असो. वॅटच्या आकड्यालाही भुलू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला थोडासाच फरक कळतो.

घरची खोली मात्र खरंच महत्त्वाची. शहाबादी फरशी, मोकळ्या भिंती असल्या की आवाज घुमतो; जाड सतरंजी आणि पडदे लावले की बराच निवळतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका. बसल्यावर कान ट्वीटरच्या, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, उंचीवर यावेत. पावसाळ्यात रेकॉर्डना बुरशी धरते, त्या कोरड्या जागी उभ्या ठेवा.

येताना तुमची पाठ असलेली रेकॉर्ड किंवा सीडी घेऊन या. अनोळखी गाण्यावर सेट पारखता येत नाही. घेतलंच पाहिजे असं काही नाही, निवांत बसा. निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्यांनी निघण्याआधी फोन करावा, म्हणजे ऐकायची खोली मोकळी ठेवता येईल.