डबक्याच्या बाजूने नको, मधूनच! हाय फेन्समधे ग्रॅव्हल बाईक नेणाऱ्यांसाठी

आमच्याकडून ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या वाटांवर चालणारी जाड टायरची सायकल, भाड्याने बुक करताना जवळपास प्रत्येकजण विचारतो, तिकडे गाड्या नसतात ना? नसतात. हाय फेन्सच्या, म्हणजे पूर्व बेल्जियममधल्या दलदलीच्या पठाराच्या, राखीव भागातल्या ज्या वाटा आम्ही तुम्हाला देतो तिथे मोटारींना बंदी आहे, वनखात्याची एखादी गाडी दिसली तर दिसली. मुलं बरोबर असली तरी मागे वळून बघत बसावं लागत नाही, आणि आखेन किंवा ब्रसेल्सच्या ट्रॅफिकमधून येणाऱ्याला पहिला अर्धा तास ते खरंच वाटत नाही. पण ह्याच गोष्टीची दुसरी बाजू कोणी विचारत नाही म्हणून आम्हीच सांगतो: गाड्या येत नाहीत म्हणजे आमचीही गाडी येत नाही. बाईक आत कुठे मोडली तर ती जवळच्या डांबरी रस्त्यापर्यंत तुम्ही ढकलत आणायची आणि आम्ही तिथे उभं राहायचं, ह्यात तुमची दुपार जाते आणि आमचीही. आणि गंमत म्हणजे ह्यातले बहुतेक फोन एकाच चुकीमुळे येतात.

ती चूक अशी. समोर वाटेवर पाणी साचलेलं दिसतं, रुंद, काळं, तळ दिसत नाही. बाजूला हिरवं गवत आहे, कोरडंही वाटतं. माणूस साहजिकच हँडल वळवतो आणि गवतावरून जायला बघतो. दोन पेडल मारेपर्यंत पुढचं चाक रिमपर्यंत आत, बाईक जागीच थांबते, पाय बुटासकट खाली टेकवावा तर तोही आत, आणि माणूस आडवा होतो. उजव्या बाजूला पडलात तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, खाली येतो, तो ज्या तुकड्याने फ्रेमला लावलेला असतो तो हँगर वाकतो, आणि हे त्या क्षणी कळत नाही. उठता, हसता, फोटो काढता, पुढे निघता. मग पहिल्या चढावर सगळ्यात हलका गियर टाकला की वाकलेला डिरेलर थेट स्पोकमधे जातो. तिथे राईड संपली.

म्हणून सांगतो, डबक्याच्या मधून जा. काळं पाणी असलं तरी त्याच्या खाली दगड-खडीचा दाबून बसवलेला रस्ता असतो, पाणी साचलंय ते खालचा थर घट्ट आहे म्हणूनच. बाजूचं जे गवत आहे त्याच्याखाली रस्ता नाही, पीट आहे, म्हणजे शेवाळ आणि गवत पाण्यात अर्धवट कुजून साठलेला थर, ओल्या स्पंजासारखा, दहात नऊ भाग पाणीच. फेन्समधे काही ठिकाणी हा थर कित्येक मीटर खोल आहे. त्याच्यावर उगवलेलं गवत वरून कितीही घट्ट दिसलं तरी तुमचं आणि बाईकचं वजन ते घेत नाही. खोली किती आहे ह्याची शंका असेल तर उतरा आणि बाईक हातात धरून मधूनच चालत जा. बूट ओले होतील. होऊ द्या, इथे वर्षाला साधारण चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तुम्ही कोरडे परत यायची शक्यता तशीही कमीच.

दुसरं कारण आमच्या बाईकचं नाही, जागेचं आहे. हा थर वर्षाला फार तर मिलिमीटरभर वाढतो, म्हणजे टायरने दहा सेंटिमीटरचा चर पाडला तर शंभर वर्षांचं साठलेलं एका वळणात गेलं. शिवाय एकजण बाजूने गेला की चर पडतो, चरात पाणी साचतं, पुढचा त्याच्याही बाहेरून जातो, आणि बघता बघता दोन मीटरची वाट सहा मीटरची होते. 1957 पासून हा भाग राखीव आहे, त्याच्या आधी पीट खोदून आणि चर काढून इथलं पाणी वर्षानुवर्षं वाहून घालवलं होतं, आता ते चर बुजवून पाणी परत अडवायला बरीच मेहनत घेतलीये. वाटा अशाच पसरत गेल्या तर सायकलींना बंदी यायला वेळ लागणार नाही, आणि मग आमचं दुकान बंद, हेही स्पष्टच सांगतो.

आणायला आम्हाला यावं लागलं की पैसे लागतात, त्यावर काहीजण म्हणतात हँगर म्हणजे हाताच्या बोटाएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा, त्याचे एवढे पैसे कसले? हँगरचे पैसे आम्ही लावतच नाही. तो मुद्दाम नरम बनवलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून तो वाकतो, ते त्याचं कामच आहे, आणि प्रत्येक बाईकच्या सीटखालच्या पिशवीत एक जास्तीचा ठेवलेला असतो. पैसे लागतात ते आम्ही दुकान बंद करून तुम्हाला आणायला येतो त्याचे. पडलात तर निघायच्या आधी एक मिनिट द्या, मागे उभे राहून बघा, डिरेलरची छोटी चाकं कॅसेटच्या, म्हणजे मागच्या गियरच्या चक्र्यांच्या, सरळ रेषेत आहेत का. आतल्या बाजूला झुकलेली दिसली तर सगळ्यात मोठ्या चक्रीवर चेन नेऊ नका, दोन-तीन गियर अलीकडे राहून हळूहळू या. एवढं केलं तरी बहुतेक वेळा आमची गरज पडत नाही.

टायरमधे हवा आम्ही भरून देतो, तुमचं वजन विचारतो ते त्यासाठीच. 45 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आहेत, साधारण दोन बारच्या आसपास हवा असते आणि बोटाने दाबलं की मऊ लागतं. मग लोक पार्किंगमधे स्वतःचा पंप काढून टणक करतात कारण रोडबाईकची सवय! कृपया नको. टणक टायर खडीवर उड्या मारतो, हात दुखतात, ओल्या दगडावर घसरतो, आणि पीटमधे जास्तच रुततो.

आता नकाशा. आम्ही फोनवर जी रूट फाईल पाठवतो तीच वापरा. बाकीचे अॅप लांबचा वळसा वाचवायला तुम्हाला लाकडी फळ्यांच्या वाटेवर घालतात. त्या फळ्या चालणाऱ्यांसाठी आहेत, त्यावर सायकल नाही, हातात धरूनही नाही, एकतर अरुंद आणि दुसरं म्हणजे ओल्या असल्या की साबण. राखीव भागाचे झोनही आहेत: काही ठिकाणी फक्त खुणा केलेल्या वाटेवरूनच जायचं, काही ठिकाणी मान्यताप्राप्त गाईड असेल तरच, आणि काही भाग पूर्ण बंद. आमचा रूट जिथे उगाच लांबून फिरवल्यासारखा वाटेल तिथे बहुतेक अशा भागाच्या कडेनेच चाललेला असतो. किलोमीटर वाढवून भाडं वाढवायचा तो डाव नाही, भाडं दिवसाचं आहे.

लाल झेंडा दिसला तर आत जायचं नाही, ह्यावर चर्चा नाही. झेंडा म्हणजे आगीचा धोका. लोक वाद घालतात की अहो खाली तर चिखल आहे, आग कशी लागेल? लागते. मार्च ते मे मधे मागच्या वर्षीचं गवत पिवळं, वाळून उभं असतं आणि नवीन हिरवं अजून आलेलं नसतं, वारा सुटला की एवढं पुरतं, खाली पाणी असो नसो. 2011 च्या एप्रिलमधे हजारपेक्षा जास्त हेक्टर जळालं होतं. झेंडा लागला तर आम्ही तारीख फुकट बदलून देतो किंवा त्याच दिवशी तुम्हाला फेनबान ह्या सायकलच्या रस्त्यावर पाठवतो, निवड तुमची.

आणि फेनबान म्हणजे काही उरलंसुरलं नाही. जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलचा रस्ता आहे, आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या ट्रॉइविएर्गपर्यंत साधारण 125 किलोमीटर, रेल्वेचाच असल्यामुळे चढ जाणवेल न जाणवेल असा, आणि बहुतेक डांबरी. भारतातून आईबाबा आले असतील तर त्यांना पहिल्यांदा इथेच न्या, आमच्याकडे सरळ हँडलच्या आरामशीर सायकली आहेत, साडी सोडून कुठल्याही कपड्यांवर चालवता येतात. व्हर्सायच्या तहानंतर रुळाची पट्टी बेल्जियमला मिळाली, त्यामुळे काही ठिकाणी दोन्ही बाजूंना जर्मनी आणि टायरखाली बेल्जियम असा प्रकार आहे, बाबांना हे फार आवडतं असा अनुभव आहे.

ई-बाईक का ठेवत नाही असंही विचारतात. पंचवीस किलोची बाईक पीटमधून बाहेर काढून बघा म्हणजे कळेल. डांबरी फेनबानसाठी हवी असेल तर दोन दिवस आधी सांगा, ओळखीच्या दुकानातून मागवून देतो.

कपड्यांबद्दल थोडक्यात: बोत्रांज 694 मीटरवर आहे, बेल्जियममधली सगळ्यात उंच जागा, आणि पठार उघडं, त्यामुळे खाली ऑयपेन गावात टीशर्टवर फिरत असाल तरी वर वाऱ्याचं जाकीट लागतंच. धुकं आलं तर वीस मीटर पुढचं दिसत नाही, लाईट आम्ही लावूनच देतो, चालू करा.

बाईक परत आणताना धुऊन आणू नका. ही विनंती आहे, शिष्टाचार म्हणून लोक पेट्रोलपंपावर प्रेशरचा पाईप मारून चकाचक करून आणतात आणि ते पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) बेअरिंगमधे शिरून ग्रीस बाहेर ढकलतं, मग आम्हाला सगळं उघडायला लागतं. चिखलासकट आणा, धुणं भाड्यातच धरलंय. काही वाकलं, घासलं, आवाज आला तर तेवढं मात्र परत देताना सांगा, दुसऱ्या दिवशी तीच बाईक दुसऱ्या कुणाच्यातरी हातात असते.