पांढरा टच आणि काचेचा ग्लास

आपल्याकडे नुसतं ‘गिलास’ म्हटलं की स्टीलचाच पुढे येतो, म्हणून वस्तुचित्रासाठी ‘काचेचा’ असं मुद्दाम सांगावं लागतं. पण खरी भानगड ‘पारदर्शक’ या शब्दाची आहे. ग्लास पारदर्शक असतो, तशी जलरंगाची पद्धतही पारदर्शक म्हणवते. पद्धत पारदर्शक म्हणजे रंगाखालचा कागद दिसला पाहिजे, आणि चित्रातलं पांढरं ते कोऱ्या कागदाचंच. या हिशेबाने स्टीलचा गडवाही पारदर्शक पद्धतीनेच रंगवता येतो. पोरांचा गोंधळ इथेच होतो.

ही शिस्त इंग्रजांची. 1857 साली मुंबईत कलाशाळा निघाली आणि तिच्या वळणाने ती मराठी ड्रॉइंग मास्तरांच्या हातात बसली. तिकडे इंग्लंडात मात्र 1834 मध्येच जस्तापासून केलेला ‘चायनीज व्हाइट’ हा पांढरा जलरंग विकायला आला होता. म्हणजे चकाकीसाठी शेवटी वरून पांढऱ्या रंगाचा टच द्यायचा की नाही, हा वाद आपल्या शाळांपेक्षा जुना.

विदर्भात या वादाला उन्हाची बाजू आहे. उन्हाळी शिबिरात पारा 44-45 वर असतो. चकाकीची जागा कोरी सोडून भोवती वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला हात, फिरवेपर्यंत तो सुकतो, कडा पडते. मग टच देणं सोपं, आणि तेच अंगवळणी पडलं. त्यात इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेतल्या ए श्रेणीला दहावीत 7 वाढीव गुण मिळू लागल्यावर गाइडातल्या युक्त्या फारच फोफावल्या: ग्लासाच्या डाव्या अंगाला स्वल्पविरामासारखा एक पांढरा ठिपका, झालं.

समोरचा ग्लास मात्र वेगळंच सांगतो. टिनाच्या खोलीत उजेड दारातूनच येत असेल, तर चकाकी दारासारखीच उभी, काचेच्या गोलाईवर किंचित वाकलेली दिसते. बूड जाड असतं, तिथे गडद हिरवट पट्टा. पाण्यात तिरपा ठेवलेला चमचा पाण्याच्या रेषेवर मोडतो, आणि ती रेषाही सरळ नसते, लंबगोल असते. यातलं काहीच ठिपक्याने येत नाही.

कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसणाऱ्या पिढीला हे शिकवावं लागलं नसेल, असं आपलं मला वाटतं. आता पोरं मोबाइलवरच्या फोटोवरून काढतात. फोटोत चकाकी जळून सपाट पांढरी झालेली असते, म्हणून वर पांढरं जेल पेनही फिरतं. टपरीवर कागदी कप आले. परीक्षेच्या मांडणीसाठी काचेचा ग्लास सर घरूनच दुपट्ट्यात गुंडाळून आणतात.