वृद्धांचे दीर्घकालीन आजार व शुश्रूषा : मराठवाड्यातील संशोधन

साठीपुढच्या माणसांना जडणारे, औषधाने आटोक्यात राहणारे पण सहसा मुळापासून न जाणारे आजार आणि ते घेऊन जगताना लागणारी घरची-बाहेरची मदत, यांचा एकत्रित अभ्यास. उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, सांधेदुखी, पक्षाघातानंतरचे अपंगत्व, कर्करोग व स्मृतिभ्रंश हे त्यातले मुख्य आजार. वैद्यकशास्त्र, लोकसंख्याशास्त्र व समाजकार्य अशा तीन शाखांचा या अभ्यासात वाटा असतो. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत तो सारखा झालेला नाही. कर्करोगाच्या संशोधनात धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याचे नाव जगभर घेतले जाते. गुडघे गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे घरात करते कोण, या प्रश्नाकडे मात्र संशोधकांचे लक्ष त्यामानाने कमीच गेले आहे.

पाहणी करणाऱ्याची पहिली अडचण वयाची. शाळेत न गेलेल्या पिढीच्या आधार कार्डावर जन्मतारीख पुष्कळदा १ जानेवारी असते. कार्ड काढताना अंदाजाने सांगितलेले वर्ष तिथे कायमचे चिकटलेले असते. म्हणून अनुभवी कार्यकर्ता प्रसंगांवरून वय काढतो. ‘रझाकाराच्या वक्ताला मी रांगत व्हते’ असे आजीने सांगितले की जन्म १९४७ च्या आसपासचा धरायचा. ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तवा थोरला पोटात व्हता’ यावरून बाईचे त्या वेळचे वय विशी-पंचविशीत येते. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ही तशीच पक्की खूण. वय पाच वर्षांनी चुकले तर आजाराचे प्रमाणही चुकते, शिवाय ज्येष्ठांच्या योजनांचा लाभही हुकतो.

या भागातले सर्वांत भरीव काम कर्करोगाचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर मराठवाड्यातले परांडा व भूम हे तालुके, मिळून ३४६ गावे होती. मुंबईसारख्या शहरात रुग्णालयांचे कागद चाळून नोंदणी होते. इथे तसे करणे निरुपयोगी होते, कारण रुग्ण दवाखान्यापर्यंत यायचाच नाही. डॉ. कस्तुरी जयंत यांनी पद्धत उलटी केली. कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, सरपंच-शिक्षकांना भेटायचे, बायका-पुरुषांच्या बैठका घ्यायचे, लक्षणे समजावून सांगायचे आणि संशयित रुग्णाला बार्शीला तपासायला न्यायचे. शहराच्या मानाने इथे एकूण कर्करोग कमी, पण बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा सर्वांत जास्त, असे चित्र निघाले. काही वर्षांत आणखी एक गोष्ट दिसली : हा रोग आधीच्या टप्प्यातच सापडण्याचे प्रमाण वाढले. तपासणीची कोणतीही मोहीम न काढता, केवळ माणसे येऊन बोलत राहिल्याने हा फरक पडला होता. एवढा स्वस्त उपाय नंतर फारसा कोणी उचलला नाही, याचे आश्चर्य वाटते.

त्याच गटाने टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी घेतली. गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची विभागणी केली गेली. एका विभागाला एचपीव्ही या हा रोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची तपासणी, तिसऱ्याला आम्लद्रव लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्याला नेहमीचीच सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही विभागात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या विभागात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक देशांच्या तपासणी-धोरणात त्याचा आधार घेतला गेला. तपासणीविना ठेवलेल्या ३१ हजारांवर स्त्रियांचे काय, असा आक्षेपही त्यावर घेतला गेला. तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही : ज्ञान जगाला मिळाले, त्याची जोखीम या जिल्ह्यातल्या बायकांनी उचलली. त्यांतल्या पुष्कळ जणी आज साठीपुढच्या आहेत.

इतर आजारांची माहिती बहुतांशी राष्ट्रीय पाहण्यांतून मिळते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७ पासून केलेल्या ‘लासी’ या पाहणीत ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार माणसे होती; साठीपुढच्या दर चौघांतल्या तिघांना एखादा जुनाट आजार असल्याचे तिने दाखवले. तिचे आकडे राज्यापर्यंतच उतरतात, मराठवाड्याचे वेगळे मिळत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मधुमेह पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले (२०११), पण त्यातही पुणे आणि परभणी एकाच आकड्यात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तेव्हा पहिल्या चार जिल्ह्यांत मराठवाड्यातला एकही नव्हता.

स्मृतिभ्रंश मोजायला पाश्चात्त्य कसोट्या इथे चालत नाहीत. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहून दाखवा, हे निरक्षर माणसाला जमले नाही तर त्याचा मेंदूशी संबंध नाही. म्हणून भारतीय कसोटीत चाळिसातून तीन-तीन वजा करायला सांगतात आणि लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’ म्हणतात. ‘लासी’च्याच जोड-अभ्यासात साठीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के निघाले. अशा अभ्यासात रुग्णाला जवळून ओळखणाऱ्या माणसाचीही मुलाखत घेतात, आणि बीड जिल्ह्यात गाडी नेमकी इथे अडते.

बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळते. त्यामुळे लेक आणि सून दोघेही जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. मग शुगरची गोळी आणायला प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे कोणी? सांभाळायचे कोणाला कोणी? पाहणी श्रावणात केली तर घर भरलेले, पौषात केली तर निम्मे रिकामे. महिना न नोंदवता ‘कुटुंबाचा आधार आहे’ असे लिहिणाऱ्या अहवालाचा भरवसा धरू नये. काही वृद्ध पोरे सांभाळायला फडावरच्या कोपीत (झोपडीत) जातात, त्यांच्या गोळ्यांचा हिशेब मात्र गावच्या उपकेंद्रात राहतो. याच मजूर स्त्रियांच्या २०१९ मधील सरकारी पाहणीत ८२ हजारांहून अधिक जणींपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बीजांडकोशही काढले गेले असतील तर पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होतात. चाळिशीतच म्हातारपणाचे आजार सुरू होतात. साठी ही सीमारेषा अशा बाईला लागू कशी करायची, हे अभ्यासकांनी अजून नीट ठरवलेले नाही.

गावपातळीवरची नोंद आशाताईंकडे असते. त्यांच्या तपासणी-यादीत तंबाखू, कमरेचा घेर, घराण्यातले बीपी-शुगर असे प्रश्न असून चारांहून जास्त गुण झाल्यास माणसाला तपासणीला पाठवायचे असते. आठवड्यात १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, हा प्रश्न दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला विचारताना आशाताईलाच ओशाळल्यासारखे होते. साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत : उभे राहताना तोल जातो का, खाणे-नेसणे-अंघोळीला मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का. मदत लागते हे त्यातून कळते, ती कोण करते हे कळत नाही.

संस्थांमध्ये छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (घाटी) व अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही मुख्य. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र १९८६ पासून आहे. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगाव येथे वृद्धत्व व मानसिक आरोग्यासाठी शासनाने केंद्र उभारले. कोविडच्या साथीत त्याचा वापर कोविड रुग्णालय म्हणून झाला. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यान्वये मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, पण गावात राहून लेकावर अर्ज करणारे आई-बाप विरळाच. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा मोफत प्रवास, या दोन गोष्टी जास्त कामी येतात. एसटी मोफत झाल्याने औषधोपचारात किती खंड कमी पडला, हा तालुक्याच्या एखाद्या रुग्णालयातील नोंदवह्यांवरून सहज करता येण्याजोगा अभ्यास आहे.