व्हिप गेला म्हणजे खासदारकी गेली? ब्रिटनमधली दोन ‘निलंबनं’

जुलै २०२५ मध्ये हॅकनीच्या मजूर पक्षाच्या खासदार डायान ॲबट यांना वंशद्वेषाबद्दलच्या विधानावरून निलंबित केल्याची बातमी आली, तेव्हा माझ्या मावसभावाचा लगेच फोन आला. ‘म्हणजे आता हॅकनीत पोटनिवडणूक होणार का रे?’ प्रश्न चुकीचा होता, पण चूक त्याची नव्हती. ब्रिटनमध्ये खासदाराला दोन अगदी वेगळ्या शिक्षा होऊ शकतात आणि आपण दोन्हींना ‘निलंबन’ हा एकच शब्द वापरतो. एका शिक्षेत पक्ष आपल्या खासदाराला दूर करतो, तर दुसरीत खुद्द हाउस ऑफ कॉमन्स त्याला दाराबाहेर काढतं. वंशद्वेषाच्या प्रकरणात नेमकी कोणती शिक्षा झाली हे कळल्याशिवाय जाब कुणी कुणाला विचारला हेच कळत नाही.

आपला गोंधळ ‘व्हिप’ या शब्दापासूनच सुरू होतो. महाराष्ट्रात २०२२ नंतर हा शब्द घराघरात पोचला. प्रतोद गोगावले खरे की प्रभू, कुणाचा व्हिप कुणाला लागू, हे वाद आपण महिनोन्‌महिने ऐकले. आपल्याकडे व्हिप मोडला की दहावं परिशिष्ट आडवं येतं आणि आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे ‘व्हिप’ आणि ‘जाणं’ हे दोन शब्द एकत्र दिसले की अपात्रता आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते.

ब्रिटनमध्ये असा पक्षांतरबंदी कायदाच नाही. तिथे व्हिप म्हणजे मुळात एक कागद. पुढच्या आठवड्यात सभागृहात काय काय आहे याची ही यादी पक्षाच्या प्रतोदाच्या कार्यालयातून प्रत्येक खासदाराला जाते. मतदान जितकं महत्त्वाचं, तितक्या रेघा त्या ओळीखाली मारलेल्या असतात. तीन रेघा असल्या तर काहीही झालं तरी हजर राहायचं आणि पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं. व्हिप काढून घेणं याचा शब्दशः अर्थ एवढाच, की हा कागद आता तुम्हाला येणार नाही, तुम्ही आमच्या गटातले नाही. खासदार अपक्ष म्हणून बसतो. जागा, पगार, मत सगळं शाबूत राहतं. फक्त व्हिप परत मिळाला नाही, तर पुढच्या निवडणुकीत पक्षाची उमेदवारी मिळत नाही. निर्णय पक्षनेतृत्व आणि मुख्य प्रतोद घेतात. त्यावर सभागृहात मतदान होत नाही आणि मतदारसंघाला कुणी विचारत नाही.

ॲबट यांच्या बाबतीत हेच घडलं, आणि तेही दोनदा. १९८७ साली हॅकनी नॉर्थ अँड स्टोक न्यूइंग्टनमधून निवडून आलेल्या त्या ब्रिटनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार. २३ एप्रिल २०२३ ला ‘ऑब्झर्व्हर’मध्ये त्यांचं छोटंसं पत्र छापून आलं. आयरिश, ज्यू आणि ट्रॅव्हलर (भटक्या) समाजाला पूर्वग्रह सोसावा लागतो, पण आयुष्यभराचा वंशद्वेष नव्हे, असा त्याचा सूर होता. होलोकॉस्टचा इतिहास डोळ्यांसमोर असताना हे विधान चूकच होतं, आणि त्यांनी त्याच दिवशी माफीही मागितली. मजूर पक्षाने त्याच दिवशी व्हिप काढून घेतला. तो परत मिळाला २८ मे २०२४ ला, म्हणजे तेरा महिन्यांनी, संसद विसर्जित व्हायला दोन दिवस उरले असताना. पक्षांतर्गत चौकशी डिसेंबर २०२३ मध्येच संपली होती हेही तेव्हाच बाहेर आलं. चौकशी संपल्यावर पाच महिने निकाल का अडला, हे विचारणारी कुठलीही यंत्रणा नव्हती. पुढे जुलै २०२५ मध्ये, त्या पत्राचा आपल्याला पश्चात्ताप नाही असं त्या बीबीसीच्या मुलाखतीत म्हणाल्या आणि व्हिप पुन्हा गेला.

मधल्या त्या तेरा महिन्यांतला एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. १३ मार्च २०२४, बुधवार, पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचा तास. दोन दिवस आधी ‘गार्डियन’ने बातमी दिली होती, की हुजूर पक्षाला २०२३ मध्ये एक कोटी पौंड देणारे फ्रँक हेस्टर २०१९ साली एका बैठकीत म्हणाले होते, ॲबट यांना पाहिलं की सगळ्या काळ्या बायकांचा द्वेष करावासा वाटतो, आणि त्यांना गोळ्या घालायला हव्यात. हेस्टर यांनी असभ्यपणाबद्दल माफी मागितली, पण त्या बोलण्याचा वर्णाशी संबंध नव्हता असं सांगितलं. पंतप्रधान सुनक यांनी ते बोलणं वंशद्वेषी आणि चूक असल्याचं मान्य केलं, देणगी मात्र परत केली नाही. त्या तासात ॲबट यांच्याबद्दल दोन्ही बाजू बोलल्या. त्या स्वतः बोलायची संधी मागत चाळीसहून अधिक वेळा जागेवरून उठल्या आणि अध्यक्षांनी त्यांना एकदाही पुकारलं नाही. वेळ संपला, असं अध्यक्षांच्या कार्यालयाने नंतर सांगितलं. तास संपल्यावर मजूर पक्षाचे नेते स्टार्मर त्यांच्यापाशी गेले आणि माझ्याकडून काही करता येईल का, असं विचारलं. मला व्हिप परत द्या, एवढंच त्या म्हणाल्या.

व्हिप नसलेली खासदार सभागृहात बसू शकते, उठू शकते, मत देऊ शकते, हे त्या दृश्यात दिसतं. पण पाठीशी पक्ष नसला की माणूस भरल्या सभागृहातही किती एकटा पडतो, हेही दिसतं.

आता दुसरं निलंबन. यासाठी १९८७ च्याच तुकडीतला दुसरा माणूस घेऊ. कीथ वाझ हे मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले. जन्म एडनचा, मतदारसंघ लेस्टर ईस्ट. ॲबट, बर्नी ग्रँट, पॉल बोटेंग आणि वाझ हे चौघं त्या वर्षी एकत्र निवडून आले आणि कॉमन्सचा चेहरा बदलला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वाझ यांना कॉमन्सने सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. प्रकरण वंशाचं नव्हतं. दुसऱ्यांसाठी कोकेन विकत घ्यायची तयारी दाखवणं आणि चौकशीला सहकार्य न करणं, असा समितीचा ठपका होता. पण ते वर्तनाचं प्रकरण होतं, मताचं नव्हतं, हे इथे महत्त्वाचं.

या शिक्षेचा मार्ग लांबचा आणि उघडा असतो. आधी संसदीय आचारसंहिता आयुक्त चौकशी करतात. मग आचारसंहिता समिती अहवाल छापते आणि किती दिवस निलंबन हवं ते सुचवते. शेवटी सगळं सभागृह त्यावर ठराव करतं. त्या काळात खासदाराचा पगार थांबतो, संसदेच्या आवारात पाऊल टाकता येत नाही, मत देता येत नाही. खरी मेख त्याच्या पुढे आहे. २०१५ च्या ‘रिकॉल’ (खासदाराला परत बोलावण्याच्या) कायद्यानुसार, समितीच्या अहवालावरून झालेलं निलंबन कामकाजाचे १० दिवस किंवा एरवीचे १४ दिवस किंवा त्याहून जास्त असेल, तर मतदारसंघात याचिका उघडते. सहा आठवड्यांत १० टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक लागते. वाझ यांच्या बाबतीत डिसेंबर २०१९ ची सार्वत्रिक निवडणूक मध्ये आली. ते उभेच राहिले नाहीत, त्यामुळे गोष्ट तिथे थांबली.

दोन्ही शिक्षा एकाच व्यक्तीला झाल्याचं उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधल्या रदरग्लेनच्या खासदार मार्गारेट फेरियर. कोविड झाल्याचं कळूनही त्यांनी लंडनहून ग्लासगोला रेल्वेने प्रवास केला. ऑक्टोबर २०२० मध्ये पक्षाने व्हिप काढला आणि त्या पुढची अडीच-तीन वर्षं अपक्ष खासदार राहिल्या. जून २०२३ मध्ये कॉमन्सने ३० दिवसांचं निलंबन केलं आणि चारच महिन्यांत सगळं संपलं. याचिका, सह्या आणि ५ ऑक्टोबरला पोटनिवडणूक. माझ्या मावसभावाच्या मनातली पोटनिवडणूक होती ती ही.

मग वंशद्वेषी बोलण्याचं काय? खासदाराची मतं हा आयुक्तांच्या चौकशीचा विषयच नाही, आणि ते एका अर्थी योग्यही आहे. मतांवर सरकारी चौकशी बसायला लागली, तर पहिला बळी अल्पसंख्याकांच्याच खासदारांचा जाईल. कर्मचाऱ्याचा किंवा सहकाऱ्याचा वंशावरून छळ झाला, तर त्यासाठी वेगळी तक्रार व्यवस्था आणि स्वतंत्र तज्ज्ञ समिती आहे. पण दूरचित्रवाणीवर, पत्रात, सभेत कुणी काय बोललं, हे जवळजवळ पूर्णपणे पक्षाच्या हातात राहतं.

माझा आक्षेप इथेच आहे. पक्ष त्यासाठी जे हत्यार वापरतो, तेच बंडखोर मतदानासाठीही वापरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाचे पंतप्रधान जॉन्सन यांनी ब्रेक्झिटवर विरोधात मत देणाऱ्या २१ खासदारांचा व्हिप काढला, चर्चिलचा नातू निकोलस सोम्स त्यातच होता. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाने सात जणांचा काढला, कारण त्यांनी मुलांसाठीच्या सरकारी मदतीवरची दोन मुलांची मर्यादा उठवण्यासाठी मत दिलं. गरिबांच्या मुलांसाठी दिलेलं मत आणि एखाद्या समाजाला दुखावणारं विधान, दोन्हींची शिक्षा एकच. अशा शिक्षेतून समाजाला काय समजावं? मजूर पक्षासाठी मार्टिन फोर्ड यांनी केलेल्या २०२२ च्या अहवालातही, कुठल्या वंशद्वेषाची तक्रार किती गांभीर्याने घ्यायची यात पक्षात उतरंड आहे, ही कृष्णवर्णीय आणि आशियाई सदस्यांची खंत नोंदली गेली.

(बातमी वाचताना आणखी एक भेद लक्षात ठेवायला हवा. पक्षाचं सदस्यत्व आणि व्हिप हेही वेगळे. नोव्हेंबर २०२० मध्ये मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन यांना सदस्यत्व परत मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी स्टार्मर यांनी व्हिप द्यायला नकार दिला. आणि जुलै २०२१ मध्ये जॉन्सन खोटं बोलतात असं म्हटल्यामुळे मजूर पक्षाच्या खासदार डॉन बटलर यांना सभागृहाबाहेर जावं लागलं, ते फक्त त्या दिवसापुरतं. त्यातून याचिका उघडत नाही.)

ॲशफील्डचे हुजूर पक्षाचे खासदार ली अँडरसन यांचं प्रकरण या सगळ्याच्या मधोमध बसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी जीबी न्यूज वाहिनीवर म्हटलं, की इस्लामवाद्यांनी लंडनचे महापौर सादिक खान यांच्यावर ताबा मिळवलाय आणि खान यांनी राजधानी आपल्या दोस्तांना देऊन टाकलीय. माफी मागायला नकार दिला, दुसऱ्या दिवशी हुजूर पक्षाने व्हिप काढला. ११ मार्चला, ज्या दिवशी हेस्टर यांची बातमी आली त्याच दिवशी, ते रिफॉर्म यूके पक्षात गेले आणि त्या पक्षाचे पहिले खासदार झाले. ना जागा गेली, ना पगार थांबला, ना कुठे याचिका उघडली. कोविड असताना रेल्वेत बसलेल्या खासदाराबद्दल रदरग्लेनच्या लोकांना सही करायला मिळाली. ॲशफील्डच्या लोकांना मात्र, मग ते अँडरसन यांच्या बाजूचे असोत की विरोधातले, ४ जुलैच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी त्यांनी अँडरसन यांनाच पुन्हा निवडून दिलं, नव्या पक्षाच्या चिन्हावर.