लष्करात वकील व्हायचंय? जॅग प्रवेशाची पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

माझ्या एका ज्युनियरला एलएलबीला ६२ टक्के होते, सनद (वकिलीचा परवाना) हातात होती, वय २४. तरी तिला लष्कराचा अर्ज भरता आला नाही, कारण तिने क्लॅट पीजी, म्हणजे एलएलएमच्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, दिलीच नव्हती. ही अट आहे हे तिला जाहिरात उघडल्यावर कळलं, तोवर डिसेंबरची परीक्षा होऊन गेली होती. ठाण्याच्या कोर्टात असो वा बेलापूरच्या, या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला मी म्हणूनच आधी हे सांगते: क्लॅट पीजीचा फॉर्म एलएलबीच्या शेवटच्या वर्षीच भरा. एलएलएम झालेल्यांनाही त्यातून सुटका नाही.

या शाखेचं नाव जज ॲडव्होकेट जनरल, सगळे जॅगच म्हणतात. १९५० च्या लष्करी कायद्यानुसार जनरल कोर्ट मार्शलला (लष्करातल्या खटल्याला) जज ॲडव्होकेट हजर असावाच लागतो. तिथे तो ना फिर्यादीच्या बाजूचा, ना आरोपीच्या. समोर बसलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना कायदा नीट समजावून सांगणं हे त्याचं काम. एखाद्या जवानाची नोकरी, कधी त्याचं स्वातंत्र्य त्या सल्ल्यावर अवलंबून असतं. मला या कामाचं मोल फार वाटतं.

पात्रता अशी: वय २१ ते २७, अविवाहित, तीन किंवा पाच वर्षांच्या एलएलबीला एकूण किमान ५५ टक्के, आणि बार कौन्सिलकडे नोंदणीसाठी पात्र असणं. जातीनिहाय आरक्षण नाही, वयातही सवलत नाही. मुलींनी मात्र एक निकाल लक्षात ठेवावा. एका तुकडीत मुलांना सहा जागा आणि मुलींना तीन अशी वाटणी होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी ती रद्द केली आणि गुणवत्ता यादी एकच लावायला सांगितली.

जाहिरात वर्षातून दोनदा भूदलाच्या भरतीच्या संकेतस्थळावर येते. अर्ज ऑनलाइन, लेखी परीक्षा नाही. अर्जांतून निवडलेल्यांना थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांतले अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, पाच दिवसांच्या मुलाखतीला बोलावतात.

आता कागदपत्रं, कारण गाडी अडते ती इथेच. आपल्याकडे जन्मतारखेसाठी कुठेही शाळा सोडल्याचा दाखला चालतो. इथे तो चालत नाही, गुणपत्रिकाही नाही. जन्मतारीख असलेलं दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्रच लागतं. ते काढून समोर ठेवा आणि फॉर्म भरण्याआधी एकेक अक्षर ताडून पाहा. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ असतं, कुठे नसतं. फॉर्ममध्ये दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तेच लिहा. फरक असेल तर आधार आधीच दुरुस्त करून घ्या, त्याला वेळ लागतो.

बाकी फाइलमध्ये बारावीचं प्रमाणपत्र, एलएलबीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी, क्लॅट पीजीचं स्कोअरकार्ड, असल्यास सनद, आणि तुमच्या कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असल्याचं पत्र ठेवा. गुणपत्रिकेवर श्रेणी असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र लागेल. मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर जाहिरातीची वाट न पाहता आधीच मागून ठेवा. सही केलेली अर्जाची प्रिंट, मूळ कागद, स्वसाक्षांकित प्रती आणि वीसेक पासपोर्ट फोटो मुलाखतीला सोबत न्यायचे.

एसएसबीचा पहिलाच दिवस चाळणीचा असतो. ३० सेकंद एक चित्र दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. इथे बरेच जण परत फिरतात. राहिलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं आणि मुलाखत होते, त्यानंतर वैद्यकीय तपासणी. ठाणे, नवी मुंबईतल्या मुलांनी तयारीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन यावं. राज्य सरकारचं नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या मोफत एसएसबी वर्गाला तुम्ही पात्र आहात का ते तिथे कळेल.

निवड झाली की ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण, दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन, आणि लेफ्टनंटच्या हुद्द्यावर नेमणूक. सुरुवातीला दहा वर्षांची सेवा, पुढे चार वर्षं वाढू शकते.

या प्रवेशासाठी एसएसबीला पहिल्यांदाच जाणाऱ्याला एसी थ्री टियरचं भाडं परत मिळतं, तेव्हा जाताना काढलेलं तिकीट जपून ठेवा.