हिरवी शिवराई: पॅटिना की ब्रॉन्झ डिसीज?

जुनी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, हिरवी दिसली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'कळंक चढलाय, चिंच लाव.' तांब्याच्या नाण्यावर हिरवं मात्र दोन प्रकारचं येतं. एक नाण्याला सांभाळतं, दुसरं त्याला खातं. आपण दोन्हींना कळंकच म्हणतो आणि भलतंच घासून काढतो.

सांभाळणारी ती पॅटिना. तांबं आधी तपकिरी पडतं, मग काळपट. वर्षानुवर्षं मातीत राहिलेल्या नाण्यावर ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळून मॅलेकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा थर धरतो. हा थर गर्द, गुळगुळीत, नखाने न निघणारा असतो. तो आतल्या तांब्याची झीज मंदावतो. चांगल्या पॅटिनाखाली 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्रपति' ही अक्षरं सुरेख उठून दिसतात. तिला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

खाणारा तो ब्रॉन्झ डिसीज. नावात ब्रॉन्झ, म्हणजे कासं, असलं तरी शुद्ध तांब्यालाही तो होतो. याचा रंग फिका, पोपटीकडे झुकणारा. थर एकसंध नसतो. ठिपके येतात, भुकटी सुटते, लाकडी टूथपिकने टोकरलं की झडते आणि खाली खड्डा दिसतो. याचं मूळ क्लोराइडमध्ये, म्हणजे मिठात आहे. खारी जमीन, समुद्रावरची हवा, हाताचा घाम यांतून क्लोराइड धातूपर्यंत पोहोचतं आणि तांब्याशी मिळून तिथेच दडून बसतं. दमट हवा लागली की त्यातून हिरवी भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते आम्ल पुन्हा तांबं खातं, पुन्हा क्लोराइड बनतं. हे चक्र आपणहून थांबत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर त्याला हवी तेवढी ओल मिळते.

आता ती चिंच आठवा. आपण ती मीठ घालून लावतो. चिंचेचं आम्ल पॅटिना विरघळवतं आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर मीठ जातं. म्हणजे निरोगी हिरवं काढून रोगट हिरव्याला वाट मोकळी होते! मी सुरुवातीला एक शिवराई अशीच लख्ख गुलाबी केली होती. पुढच्याच पावसाळ्यात तिच्यावर पोपटी ठिपके आले. त्याची हळहळ आजही वाटते.

शंका असेल तर नाणं ओल्या कापसासोबत, पण कापसाला न टेकवता, बंद डबीत दिवसभर ठेवा. रोग जागा असेल तर ताजे फिके ठिपके उमटतात. असं नाणं लगेच वेगळं काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि काही आठवडे पाणी बदलत राहा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. नंतर पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद ठेवा. रोग मुळासकट जाईलच असं नाही, पण कोरडेपणात तो निजून राहतो.

बोटाला चिकट लागणारं हिरवं मात्र या दोन्हींत बसत नाही. ते बहुधा नाणी ठेवायच्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या अल्बमचं देणं असतं. ते ॲसिटोनने निघतं, आणि अल्बम त्याच दिवशी बदलावा.